शेवेच्या डब्याला रकाना नाही

४ ऑगस्ट, सोमवार

"यशोधरा, तू लोकांचं ऐकून घेतेस, पण ऐकत नाहीस," असं बाबा एकदा म्हणाले होते. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मी कॉमर्स घ्यावं की मानसशास्त्र यावर घरात तीन दिवस चर्चा चालली होती. चर्चा म्हणजे बाबा बोलत होते आणि मी मान हलवत होते. चौथ्या दिवशी मी मानसशास्त्राचा फॉर्म भरून आले. त्यांनी तक्रार केली होती, मी ती प्रशस्तिपत्र म्हणून जपून ठेवली. आता सत्तेचाळिसावं लागलंय आणि ऐकून घेणं हाच माझा पेशा आहे. सरकारी बालिकागृहात समुपदेशक, कंत्राटी, अकरा महिन्यांसाठी. बारावा महिना दिला तर माणसाला आपण कायम झालो असं वाटायला लागतं, म्हणून देत नाहीत.

आज नवी केस. मुलगी तीन आठवड्यांपासून इथेच आहे, फाइल आज आली. वय सतरा वर्षं दोन महिने, कलम खुनाचं. अशा मुलीचं नाव कुठेही लिहू नये असा कायदा आहे. ही डायरी कोण वाचणार, तरी नको. इथे तिला शलाका म्हणेन. सरकारी मराठीत अशा मुलांना 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, तशी ही. फरक एवढाच की हिच्यासाठी कोणी जुने कपडे गोळा करत नाही.

मूल सोळा ते अठराच्या मधलं असेल आणि गुन्हा भयंकर असेल, तर त्याला मूल समजायचं की मोठं, हे बाल न्याय मंडळ ठरवतं. मोठं ठरलं तर खटला मोठ्यांसारखा. मंडळाच्या मदतीला माझा अहवाल. त्याचं छापील प्रपत्र आहे. मानसिक क्षमता, शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची क्षमता, गुन्ह्याची परिस्थिती. चार रकाने, प्रत्येकी पाच ओळी. माणूस वीस ओळींत मावतो, हे ज्या समितीने शोधून काढलं तिला माझा नमस्कार.

६ ऑगस्ट, बुधवार

शलाकाला पहिल्यांदा भेटले. बारीक, चष्मा, नखं कुरतडलेली. देवासची मराठी मुलगी. इथे इंदूरला, पलासियातल्या एका क्लासमध्ये डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होती आणि श्रेया नावाच्या खंडव्याच्या मुलीबरोबर खोली घेऊन राहत होती. श्रेया गेली. त्याच प्रकरणात ही इथे.

मी मराठीत बोलायला लागले तशी ती रडली. तीन आठवड्यांत तिच्याशी कोणी मराठीत बोललं नव्हतं. मला लगेच 'काकू' म्हणाली. मला भरून आलं, आणि थोडा अभिमानही वाटला, तो लपवत नाही. अहवाल हिंदीत लिहायचा असतो, पण मुलीचं मन तर मराठीत आहे. ते कळणारी इथे मी एकटीच.

भाषेच्या बाबतीत मी सावध असते. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मंडळाच्या दारातला शिपाई म्हणाला होता, "आज तीन राजीनामे हो गए." मला वाटलं, मंडळाच्या तिघांनीही नोकरी सोडली. मी हळहळ व्यक्त केली. तो माझ्याकडे बघतच राहिला. कोर्टाच्या हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड. जन्म इंदूरचा, हिंदी आईच्या दुधाबरोबर आलेली, तरी हे माहीत नव्हतं. त्यानंतर मात्र अशी चूक कधी झाली नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

आज तिने घडलेलं सांगितलं. श्रेयाला दमा होता. पंप कायम जवळ. आदल्या दिवशी दोघींचं कशावरून तरी वाजलं, टेस्टचे मार्क, कोणीतरी कोणाला तरी काहीतरी सांगितलं, असलं काहीतरी. शलाकाने तिला मोबाइलवर 'मर जा तू' असं लिहिलं. सकाळी क्लासला जाताना तिने श्रेयाचा पंप लपवला. श्रेया त्या दिवशी खोलीवरच होती. दुपारी तिला धाप लागली. क्लासमध्ये मोबाइल जमा करून घेतात. श्रेयाचे अकरा फोन एका ट्रेमध्ये वाजत राहिले. संध्याकाळी शलाका परतली तेव्हा ती जिन्यात पडलेली होती.

"काकू, मी तिची फक्त चेष्टा केली," ती म्हणाली. "मला लगलं पाच मिनिटांत ढूंढून घेईल. शेवेच्या डब्यात ठेवला होता ना."

मी शब्द न् शब्द टिपून घेतला. पुढे ती म्हणाली, "सोमवार होता ना त्या दिवशी, म्हणून..." मी म्हटलं, हो बाळा, चौदा जुलै, तारीख आहे माझ्याकडे. पंचेचाळीस मिनिटं संपली होती. गृहाचा नियम आहे आणि नियम मोडणाऱ्या मुलींसमोर आपणच नियम मोडणं बरं नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

संध्याकाळी जाताना तिला खिडकीतून पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळासमोर ताठ बसून श्वास रोखून धरते, सोडते, परत धरते. प्राणायाम. रोज करते म्हणे. फार चांगलं लक्षण. अहवालात घालणार.

१९ ऑगस्ट, मंगळवार

अहवाल झाला. टायपिंग विक्रम भियाने, म्हणजे विक्रम भैयाने, केलं. हा आमचा कॉम्प्युटर ऑपरेटर, सगळं गृह त्याच्या दोन बोटांवर चालतं. मी बोलत गेले, तो बडवत गेला.

मी मनापासून लिहिलं. मुलगी कुशाग्र बुद्धीची, शांत, सहकार्य करणारी. नियमित प्राणायाम. झोप सामान्य, असं वॉर्डनने सांगितलं. घटनेच्या परिणामांची पूर्ण जाणीव व पश्चात्ताप. एवढी गुणी मुलगी वाचून मंडळाचं मन द्रवेल. आणि चौथ्या रकान्यात तिचेच शब्द, अवतरणात, कारण मुलाचा आवाज कागदावर यायला हवा असं मी प्रशिक्षणात शिकले आहे. 'मैंने उसकी सिर्फ़ चेष्टा की थी।' त्यातला 'चेष्टा' मी मुद्दाम बदलला नाही. शब्दाला मायेचा वास आहे, तो राहू द्यावा.

शेवेच्या डब्याचं वाक्यही घातलं होतं. विक्रम थांबला. "मैडम, ये सेंव वाली लाइन रहने दो. मर्डर का केस है, लोग हँसेंगे." पाच ओळीही भरत आल्या होत्या. 'छिपा दिया' एवढं ठेवलं. भारदस्त वाटलं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. नवऱ्याने, मानसने, आरतीत नेहमीप्रमाणे तिसऱ्या कडव्याला घंटा हातात घेतली. घंटा वाजवत राहिलं म्हणजे शब्द यावे लागत नाहीत.

सकाळी गृहात शलाकाची आई स्मिता देवासहून आल्या होत्या. मोदकांचा डबा फाटकावर ठेवून घेतला, बाहेरचं अन्न चालत नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही मराठी आहात ना ताई, म्हणून मी निर्धास्त आहे. दुसरं कोणी असतं तर तिचं बोलणं समजलंच नसतं." मी त्यांचा हात दाबला. घरी येऊन उकडीचे सात मोदक खाल्ले. मोजले कारण आठवा हातात होता तेव्हा रडू आलं. का ते कळलं नाही. गूळ जास्त झाला असेल.

१६ सप्टेंबर, मंगळवार

निकाल. शलाकावर मोठ्यांसारखा खटला चालणार.

मंडळासमोर मी हजर होते. तिथे विचारलं गेलं की क्लासच्या चाचण्यांत जीवशास्त्रात हिला किती मार्क. तीनशे साठपैकी तीनशे बारा. मग ज्या मुलीला श्वसनसंस्थेचा धडा पाठ आहे तिला पंप न मिळाल्याचा परिणाम कळत नव्हता असं कसं म्हणायचं? प्रश्न बिनतोड. या हिशेबाने जीवशास्त्रात नापास झालेली मुलगी अजून मूल आहे. पालकांनी नोंद घ्यावी.

बाकी सगळं माझ्याच अहवालातून. कुशाग्र बुद्धी, म्हणून मानसिक क्षमता पूर्ण. शांत, म्हणजे भावनेच्या भरात केलेलं नाही. प्राणायाम, म्हणजे स्वतःवर ताबा. मी तिचं जितकं कौतुक केलं तितकी ती वयाने वाढत गेली. आदेशाचा शेवटचा परिच्छेद वाचला गेला तेव्हा मी मानही हलवली, सवयीने. 'बालिका ने परामर्शदाता के समक्ष स्वयं स्वीकार किया है कि उसने चेष्टा की थी।'

हो, केली होती की चेष्टा, तेच तर सांगतेय मी, असं मनात म्हटलं. मग सुटका का नाही झाली हेच कळेना. शलाका मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती.

१७ सप्टेंबर, बुधवार

विक्रमसमोर मी आदेशाबद्दल कुरकुरत होते. तो म्हणाला, "पर मैडम, उसने तो आपके सामने खुद बोल दिया था ना कि कोशिश करी." मी म्हटलं, कधी बोलली? त्याने माझा अहवाल स्क्रीनवर काढला आणि बोट ठेवलं.

"ये देखो. चेष्टा. चेष्टा मने कोशिश, और क्या."

मी म्हटलं, चेष्टा म्हणजे गंमत. थट्टा. मजाक.

"तो मजाक लिखते ना, मैडम," तो म्हणाला. अगदी साधेपणाने. त्याने दोन बोटांनी टाइप केला असता की तोही शब्द.

मी खुर्चीत बसले. 'मैंने उसकी सिर्फ़ चेष्टा की थी.' हिंदीत वाचलं. मराठीत वाचलं. परत हिंदीत. एकच वाक्य, एकीकडे मुलगी मैत्रिणीची गंमत करतेय, दुसरीकडे तिला मारायचा प्रयत्न केल्याचं कबूल करतेय. आणि मध्ये मी, मायेचा वास घेत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आमच्या अधीक्षिका लक्ष्मी मॅडम यांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं, मग पंखा वाढवला. म्हणाल्या की चूक झालीच नसेल, दोन्ही अर्थ होत असतील. मी म्हटलं, होत नाहीत. म्हणाल्या, गेल्या आठ महिन्यांत किती अहवाल लिहिलेत? मी म्हटलं, अकरा. म्हणाल्या, मग ही एक चूक बाहेर काढली तर उरलेल्या दहांचं काय, त्या मुलींचाही विचार करा. मुलींचा विचार गृहात सगळेच फार करतात. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "यशोधराजी, मैं भी माँ हूँ. पर लिखकर मत दीजिए."

मी उद्या लिहून देणार आहे. अहवालात 'संशोधन' करण्याबाबत अर्ज. मानसने कच्चा मसुदा वाचून विचारलं, कसला शोध लावणार आहेस? हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, हे त्याला माहीत होतं, मला हसवायला बोलला. मी हसले नाही, तर त्याने माझ्या हिंदीतली एक मात्रा सुधारली. जेवताना म्हणाला, "तू एकटीने नाही केलंस हे. वाचणाऱ्यांनी कोणी विचारलंही नाही." बरं वाटावं म्हणून बोलला. विचारायचं काम माझं होतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

अर्जाचं उत्तर आलं. अहवाल अभिलेखावर घेतला गेला असल्याने आता बदल शक्य नाही. तीन दिवसांत उत्तर! चूक करायला आम्हाला सहा आठवडे लागले होते.

दुपारी शलाकाकडे गेले. माफी मागितली, मराठीत, सगळं समजावून. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मैडम, हिंदी में बात कीजिए."

मी म्हटलं, शलाका, मी काकूच आहे गं.

"हिंदी में," ती म्हणाली. मग मी न विचारता बोलली, एखादं उत्तर पाठ असावं तसं. "सेंव का डब्बा वो दिन में दस बार खोलती थी. दाल-चावल पे सेंव, मैगी पे सेंव. इसलिए उसमें रखा था, कि तुरंत मिल जाए. मुझे लगा, खोलेगी, गाली देगी, हँसेगी, झगड़ा खत्म. पर सोमवार था. उनका सावन लग गया था, हमारा नहीं लगा था. मैं भूल गई कि उसका उपवास है. उसने डब्बा खोला ही नहीं."

हिंदीवाल्यांचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावस्येनंतर. त्यांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी. इंदूरच्या प्रत्येक मराठी घराला हे ठाऊक आहे, दरवर्षी शेजारी उपवास धरतात आणि आपण अजून कांदाभजी तळत असतो. चौदा जुलै. आपल्याकडे आषाढ. ती मला त्या दिवशी हेच सांगत होती, आणि मी तिला सांगितलं होतं की तारीख आहे माझ्याकडे.

मी विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंस?

"आपने पूछा ही नहीं. टाइम हो गया था." मग माझ्या हातातल्या पेनाकडे बघून म्हणाली, "अब मत लिखिए."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

ती काल घड्याळासमोर बेशुद्ध पडली. डॉक्टरांनी अशक्तपणा लिहून दिला. सोबतच्या मुलीने वॉर्डनला सांगितलं की ती श्वास धरून आकडे मोजते. श्रेयाला किती वेळ लागला असेल ते बघत असते. दोन मिनिटांपर्यंत गेली आहे.

माझ्या अहवालात याला प्राणायाम म्हटलं आहे. फार चांगलं लक्षण.

मी मानसोपचारतज्ज्ञाची मागणी केली. लक्ष्मी मॅडमनी या वेळी लगेच सही केली आणि स्वतः दोन फोनही लावले. तारीख बारा नोव्हेंबरची मिळाली. तोवर घड्याळ काढून दुसऱ्या खोलीत लावायचा आदेश निघाला आहे. प्रश्न भिंतीपुरता सुटला.

१ ऑक्टोबर, बुधवार

शलाकाच्या वकिलांनी अपील केलं आहे. मी आपणहून त्यांना भेटले, शपथपत्र देते म्हटलं. शब्दाचाही, डब्याचाही, सावनाचाही. त्यांनी चहा मागवला आणि सभ्यपणे सांगितलं की शब्दाचं चालेल, बाकीचं माझ्या तोंडून नको. सरकारी वकील एवढंच विचारतील, "मैडम, तब हिंदी नहीं आती थी, अब आ गई?"

बरोबर आहे. मला जे कळलं ते मीच सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

मात्र कोर्टाने एक गोष्ट दिली आहे. नव्या समुपदेशक शलाकाला एकदा भेटतील, दहा तारखेला सकाळी अकराला. ती त्यांना स्वतः जे सांगेल ते विचारात घेतलं जाईल. गप्प राहिली तर जुन्या कागदावर निर्णय, आणि जुना कागद माझा.

संध्याकाळी स्मिताताईंचा फोन आला. त्यांना आता सगळं माहीत आहे. मला वाटलं, बोलतील काहीतरी, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या की लेकीला खूप समजावलं, सांग बाई म्हटलं एकदा. ती म्हणते, "आई, मला चालेल जे होईल ते. श्रेयाला कुठे काय विचारलं कोणी." मग स्मिताताई म्हणाल्या, "ताई, तुमच्याशी ती सगळ्यात जास्त बोललीये. तुम्ही बघा ना." एवढं झाल्यावरही त्यांना दुसरं कोणी नाही, म्हणजे माणूस किती अडतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

या केसमधून मला काढलं आहे, तेव्हा तिला भेटायची मला परवानगी नाही. लक्ष्मी मॅडमकडे पाच मिनिटं मागितली. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि मी खोलीत आलेच नाही असं ठरवून टाकलं. उद्या सकाळी दहाला, भेटीच्या आधी, मागच्या व्हरांड्यात.

आठवडाभर ती कोणाशीच बोललेली नाही, आईशीही नाही. जेवणाचं ताट हातात देऊन उभं राहिलं तर चार घास खाते. माझ्याशी बोलायचं तिला काहीही कारण नाही. मला समोर बघून ती भिंतीकडे तोंड करेल, किंवा 'जी, मैडम' म्हणेल, ते जास्त वाईट. आज दुपारभर मी तिला काय म्हणायचं ते कागदावर लिहून बघितलं. चार कागद फाडले. समजूत घालणारं सगळं फाडलं. ती निर्दोष आहे हे मी तिला सांगू शकत नाही, तिला ते खोटं वाटेल, आणि माझ्या तोंडून तर वाटेलच. श्रेयासाठी सांग, असंही लिहिलं होतं. ते सगळ्यात आधी फाडलं.

उरलं ते हिंदीत लिहून काढलं. मानसला दाखवलं. त्याने एकही मात्रा बदलली नाही. उभं राहूनच म्हणेन, बसले तर पाच मिनिटांची पन्नास करेन.

"शलाका, मुझसे बात मत करना. माफ भी मत करना. ग्यारह बजे जो मैडम आएँगी, वो मराठी समझती हैं और हिंदी भी, और कागज़ पर चढ़ाने से पहले हर लाइन तुम्हें पढ़कर सुनाएँगी, ये मैंने उनसे लिखवा लिया है. उनके सामने एक बार, बस एक बार बोल दो."